मोठ्यांची चित्रकथा आणि तिची शिफारस

कॉमिक्स वाचणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: वेताळ, नागराज, चाचा चौधरी वाचून झालं, आता मोठ्यांनी वाचावं असं काय आहे? उत्तरही जवळपास ठरलेलं असतं. ‘वॉचमेन’, ‘सँडमन’, ‘प्रीचर’, ‘वाय: द लास्ट मॅन’, अलीकडची ‘सागा’. जपानीकडे वळलेले ‘बर्सर्क’ नाहीतर ‘लोन वुल्फ अँड कब’ सांगतात. देशी काही हवं म्हणून आग्रह धरला, तर ‘अघोरी’ किंवा ‘कारवाँ’ पुढे येतं. पणजीत विचारा की पुण्यात, यादीत फारसा फरक पडत नाही. यातल्या बऱ्याच मालिका खरोखरच उत्तम आहेत आणि त्या सुचवणाऱ्यांचं प्रेमही खरं आहे. माझा आक्षेप आहे तो यादीमागच्या मापाला. एखादी मालिका मोठ्यांची आहे हे पटवायला किती रक्त सांडतं, किती शिव्या येतात, कपडे किती उतरतात, शेवट किती काळा आहे, एवढंच सांगितलं जातं. या मापानं दोन नुकसानं होतात. ज्या वाचकाला त्या चित्रकथेतून काही मिळालं असतं तो हे वर्णन ऐकूनच लांब जातो. आणि आपल्या अगदी जवळच्या फळीवरची, याच मातीतली प्रगल्भ चित्रकथा कुणी नावालाही घेत नाही.

हे माप आलं कुठून ते आधी पाहायला हवं. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. मुलं बिघडतात या आरोपाचं वादळ तेव्हा घोंगावत होतं आणि धंदा वाचवायचा होता. त्या संहितेनं भयकथा जवळपास संपवल्या, गुन्हेकथांचे दात काढले, आणि पुढची दोन-तीन दशकं तिथलं माध्यम मुलांच्या हातात राहिलं. ऐंशीच्या दशकात लेखकांनी ते कुंपण ओलांडलं, तेव्हा आजवर जे छापता येत नव्हतं ते छापणं हीच मोकळेपणाची खूण ठरली. ‘प्रौढ वाचकांसाठी’ हा शिक्का मुखपृष्ठावर आला आणि रक्त व शरीर हे त्या शिक्क्याचे पुरावे बनले. आपल्याकडे असं युद्ध झालंच नाही. टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झाली, अनंत पैंची अमर चित्रकथा १९६७ ला. दोन्ही मराठीत येत, दोन्ही मुलांसाठी होत्या. मोठ्यांच्या चित्रांची मराठीत परंपरा होती आणि ती कसदारही होती. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला, ‘आवाज’च्या खिडकीचित्रांनी घरोघरी दिवाळी अंक लपवायला लावले, ‘मार्मिक’नं १९६० पासून राजकीय व्यंगचित्र घराघरांत नेलं. पण हे सगळं एका चित्राचं, एका हशाचं काम होतं. चित्रातून लांबलचक, गुंतागुंतीची गोष्ट सांगण्याचं काम आपण मुलांच्या अंकांवर सोडून दिलं. म्हणून मोठ्यांची चित्रमालिका म्हटलं की मराठी वाचकाला एकतर खिडकीतला चावटपणा आठवतो, नाहीतर परदेशातून आलेला रक्तपात.

माझं माप वेगळं आहे. चित्रकथा वाचकावर किती काम सोपवते, यावरून ती मोठ्यांची की मुलांची ते ठरावं. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं ते वाचकानं भरायचं असतं, आणि तिथे भरायला अनुभव, शंका, नैतिक पेच लागत असतील तर ती मोठ्यांची. ‘वॉचमेन’चाच दाखला घेऊ, कारण ती सगळ्यांच्या यादीत आहे. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलेल्या या मालिकेचा पाचवा अंक आरशासारखा रचला आहे. पहिल्या पानावरच्या चौकटींची मांडणी शेवटच्या पानावर उलटून येते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्यावर, आणि दोन्ही अर्धुकं मधोमध एकमेकांना भेटतात. पहिल्या वाचनात हे कळत नाही, आणि कळलं नाही म्हणून गोष्ट अडतही नाही. पण ज्यानं पुन्हा पानं उलटली त्याला दिसतं की शाईच्या डागांचा मुखवटा घातलेल्या माणसाची गोष्ट स्वतःच शाईच्या डागासारखी दुमडलेली आहे. या अंकातली मारामारी कुणीही सांगेल. अंक मोठ्यांचा ठरतो तो या दुमडीमुळे, आणि शिफारशीत नेमकी तीच गळते. उलट मुंबईच्या गल्ल्यांत फिरणारा, कुत्र्याचा मुखवटा घातलेला डोगा घ्या. त्याच्या अंकांत गोळ्यांची कमतरता नाही आणि त्याच्यावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत, पण बहुतेक अंकांत कोण वाईट आणि त्याचं काय करायचं हे लेखकानं आधीच ठरवून दिलेलं असतं. वाचकाला निवाडा करायला काही उरत नाही. त्यामुळे हिंसा कितीही असली तरी मनाचं वय वाढत नाही.

घरच्या फळीवरचं पहिलं पुस्तक म्हणून मी ‘भीमायन’ पुढे करतो. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रं, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर, नवयाना प्रकाशन, २०११. अमर चित्रकथेनं डॉ. आंबेडकरांवरचा अंक १९७९ मध्येच काढला होता. दिलीप कदमांच्या हातची ती नेटकी, आदरयुक्त चित्रं अनेक मराठी घरांतल्या मुलांनी पाहिली आणि त्या अंकाचं ऋण मोठं आहे. पण तिथे बाबासाहेबांचं आयुष्य सरळ रेषेत चढत जातं: अपमान, जिद्द, शिक्षण, विजय. ‘भीमायन’मध्ये रेषा सरळ नाही आणि चौकटीही नाहीत. माणसांना डब्यात कोंडायला व्याम दांपत्यानं नकार दिला. पानाचे भाग पडतात ते दिग्ण्याच्या, म्हणजे गोंड घरांच्या भिंती-अंगणावर काढल्या जाणाऱ्या नक्षीच्या वळणांनी. १९०१ साली साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघालेली मुलं मसूर स्टेशनात उतरतात, त्यांची जात कळते, गाडीवान सहजासहजी मिळत नाही, रात्रभर पाणी मिळत नाही. हा प्रसंग मराठी वाचकाला पाठ आहे. इथे आगगाडी सापासारखी वळवळत येते, आणि बोलण्याचे फुगेही सगळे सारखे नाहीत. ज्यांचं बोलणं मायेचं, त्यांचे शब्द पाखराच्या आकाराच्या फुग्यात येतात. ज्यांच्या तोंडून विटाळ बाहेर पडतो, त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा असतो. एकदा ही खूण कळली की वाचक मजकूर वाचण्याआधी फुगा बघू लागतो, आणि सौजन्यानं बोललेल्या वाक्याखाली नांगी दिसली की थबकतो. या पुस्तकात रक्ताचा थेंब सांडत नाही, उघडं शरीर नाही, शिवी नाही. तरी माझ्या मते गेल्या वीस वर्षांत भारतात निघालेल्या चित्रकथांत याहून प्रौढ पुस्तक सापडणं कठीण. याच्याच जोडीला त्याच वर्षी, त्याच प्रकाशनाकडून आलेलं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ ठेवावं. १८७३ च्या ‘गुलामगिरी’वर आधारलेलं, अपराजिता निनान यांनी काळ्या-पांढऱ्यात रेखाटलेलं हे पुस्तक जास्त आक्रमक आणि जास्त बोलकं आहे, ज्याला वाद घालत वाचायला आवडतं त्याच्यासाठी.

गोव्याशी सरळ नातं आहे ते अमृता पाटील यांचं. त्या गोव्यात वाढल्या, आल्तिन्यावरच्या गोवा कला महाविद्यालयात शिकल्या, आणि त्यांची ‘कारी’ २००८ मध्ये आली. मुंबईसारख्या एका धुरकट शहरात जाहिरात कंपनीत काम करणारी, स्त्रीवर प्रेम करणारी नायिका. आत्महत्येचा प्रयत्न फसल्यानंतर तिथून पुढे गोष्ट सुरू होते, म्हणजे जिथे बहुतेक गोष्टी संपतात तिथे. चित्रं बव्हंशी काळी-करडी, मधूनच एखाद्या पानावर रंग फुटतो. समलिंगी प्रेमाची कथा म्हणून ‘कारी’ सुचवली जाते आणि ते खोटं नाही, पण ‘कारी’चा खरा विषय जगून राहिलेल्या माणसाचे रोजचे दिवस हा आहे, आणि मरणाच्या दारातल्या मैत्रिणीशी तिच्या भेटी हा त्याचा गाभा. त्यानंतर त्यांनी महाभारत हाती घेतलं: ‘आदिपर्व’ २०१२, ‘सौप्तिक’ २०१६. पहिल्याची सूत्रधार गंगा, दुसऱ्याचा अश्वत्थामा. रात्री जमलेल्या लोकांना गोष्ट सांगितली जाते, श्रोते मध्येच शंका काढतात, चिडतात, उठून जातात. सूत्रधार कोण हे ध्यानात ठेवलं तर दुसरं पुस्तक फार अवघड होतं, कारण झोपलेल्यांची कत्तल करणाऱ्याच्याच तोंडून आपण युद्ध ऐकत असतो. या दोन पुस्तकांची शिफारस मराठी माणसाला करणं खरं तर फार सोपं आहे. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ ज्याला आवडलं, भैरप्पांचं ‘पर्व’ उमा कुलकर्णींच्या अनुवादातून ज्यानं वाचलं, दुर्गाबाई भागवतांच्या ‘व्यासपर्वा’त जो रमला, तो या पुस्तकांचा तयार वाचक आहे. त्याला ‘गेम ऑफ थ्रोन्ससारखं’ असं सांगायची काही गरज नाही. तरीही मराठीत महाभारतावर एवढं लिहिलं-बोललं जात असताना या वाचकांपर्यंत ही पुस्तकं पोचवणारा दुवा तयार झाला नाही, याची मला खंत वाटते.

इथे पहिला आक्षेप येतो, तोही शिकलेल्या, वाचणाऱ्या माणसांकडून: चित्रं बघत गोष्ट ऐकणं हे मुळात पोराटोरांचं, मोठ्या माणसाला शब्द पुरतात. ज्यांचं घर डिचोली-पेडण्यात आहे त्यांनी तरी हे म्हणू नये. सीमेपलीकडे कुडाळ तालुक्यात पिंगुळी आहे. तिथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आला. एका आख्यानाची सुटी चित्रं म्हणजे एक पोथी. कथेकरी एकेक चित्र समोर उभं धरतो, टाळ-हुडुकाच्या साथीनं गातो, प्रसंग संपला की चित्र बदलतो. पात्रं बाजूनं काढलेली, डोळे मोठे, आणि दोन चित्रांच्या मध्ये जे घडतं ते गाण्यातून आणि ऐकणाऱ्याच्या मनातून पुरं व्हायचं. या कलेला आश्रय सावंतवाडीच्या दरबारचा होता, आणि १७८८ पर्यंत पेडणं त्याच भोसल्यांच्या अमलाखाली होतं. रात्र-रात्र बसून रामायण-महाभारत ऐकणारा तो समाज मुलांचा नव्हता. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांत लोककला म्हणून कौतुक झालं, पण आजच्या चित्रकथेशी त्याचं नातं जोडावं असं फारसं कुणाला सुचलं नाही. ‘भीमायन’ काढणारे परधानही मूळचे बाणा वाजवून वंशगाथा गाणारेच. चित्र आणि आख्यान एकत्र नांदवणारी ही माणसं आपल्याकडे होती. मधल्या शंभर वर्षांत छापील अक्षराला आपण एवढं डोक्यावर घेतलं की चित्र मुलांकडे ढकललं गेलं.

गोव्याच्या वाचकाला आणखी दोन गोष्टी सुचवाव्या लागतील. मारियो मिरांडांना आपण मिस निंबूपानी आणि बाजाराच्या गर्दीच्या चित्रांपुरते ओळखतो. त्यांच्या तरुणपणच्या चित्रमय रोजनिशा १९४९, १९५० आणि १९५१ अशा तीन वर्षांच्या स्वतंत्र पुस्तकांत छापल्या गेल्या आहेत. रोजच्या पानावर लोटलीचं घर, पाद्री, मयत, नाच, पोलीस, होडी. कुठल्याही कारस्थानाशिवाय पोर्तुगीज अमलातलं एक गाव दिवसादिवसानं उभं राहतं, आणि ती मालिकाच आहे. दुसरं, ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’. नर्मदेच्या खोऱ्यातल्या धरणविरोधावरचं हे पुस्तक १९९४ मध्ये आलं, बरीच वर्षं दुर्मीळ होतं, २०२२ मध्ये पुन्हा निघालं. आदिवासी गायक मलगू गायनची सृष्टीकथा आणि विष्णू नावाच्या शहरी पत्रकाराचा प्रवास यांची त्यात वेणी घातली आहे. सेन पुढे गोवा विद्यापीठाच्या मारियो मिरांडा अध्यासनावर आले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन म्हापशाचा बाजार चित्रांतून टिपला. ज्या बाजारात पेडण्याची भाजी शुक्रवारी जाते, तोच. डिचोलीच्या वाचकाला ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ वेगळ्या कारणानं भिडेल. २०१२ मध्ये बंद पडलेल्या आणि २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलेल्या खाणींच्या भोवती या तालुक्याची दोन दशकं फिरली आहेत. ट्रकमालक, शेतात माती आलेला कुळागरवाला आणि पंच एकाच घरात सापडतात. त्या पुस्तकातही विकासाची बाजू मांडणारे लोक आहेत. पण लेखकाची सहानुभूती कुठे आहे हे तो लपवत नाही, आणि हीच त्याची मर्यादाही आहे: धरणाच्या बाजूची माणसं व्यंगचित्रं होतात. शिफारस करताना हे सांगायला हवं. प्रेमापोटी लपवलं तर वाचक दुसऱ्यांदा विश्वास ठेवणार नाही.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप भाषेचा आहे. ज्या पुस्तकांची नावं मी घेतली ती जवळपास सगळी मुळात इंग्रजीत लिहिलेली. मराठी माध्यमातून शिकलेल्या, मराठीतून विचार करणाऱ्या वाचकाला ती सुचवणं म्हणजे त्याला पुन्हा परक्या दारात उभं करणं, असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे. यावर माझं म्हणणं इतकंच की चित्रकथेत निम्मं काम चित्र करतं, म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीच्या वाचकालाही ‘भीमायन’ कादंबरीपेक्षा जास्त जवळचं आहे. पण त्यानं प्रश्न सुटत नाही. सुटेल तो मराठी प्रकाशकांनी ही पुस्तकं मराठीत आणल्यावर, आणि त्याहून जास्त, मराठीत मुळात लिहिली गेल्यावर. विषयांचा दुष्काळ नाही. नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की समोर दिवाडी. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ सोळाव्या शतकात पाडलं गेलं, लिंग नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूला आलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं आजचं देऊळ उभं राहिलं. अमर चित्रकथेच्या पद्धतीनं ही गोष्ट बत्तीस पानांत सांगता येते आणि त्यात महाराजांचा अध्याय शेवटी येईल. मोठ्यांच्या चित्रकथेला दुसरेच प्रश्न पडतील: लिंग घेऊन नदी ओलांडणारे आणि दिवाडीत राहून धर्म बदललेले एकाच वाड्यावरचे होते, मग त्यांच्यात बोलणं कधी बंद झालं? मधली शंभर वर्षं दोन्ही काठांवर सणावारी काय झालं? देवळाचा घुमट आणि त्यावरचा पोर्तुगीज वळणाचा हात कुणाचा? एवढं सगळं दोन चौकटींच्या मधल्या पट्टीत मावतं, आणि ज्याला रेषा येते त्या गोव्याच्या मुलानं-मुलीनं ते करावं.

उरलेले दोन आक्षेप छोटे आहेत. चाहत्यांना लांब मालिकेची ओढ असते, ‘सँडमन’चे ७५ अंक, ‘वाय’चे ६०, वर्षानुवर्षं पात्रांबरोबर राहणं. एकटी पुस्तकं ती भूक भागवत नाहीत, हे खरं. म्हणून लांब मालिका टाकून द्याव्यात असं मी म्हणत नाही, पण त्या सुचवताना दार कुठलं हे सांगावं. ‘सँडमन’चे पहिले सात अंक चाचपडते आहेत. आठव्यात मृत्यू एका हसऱ्या मुलीच्या रूपात भावाला घेऊन फिरते, आणि नवख्याला तो एकच अंक आधी द्यावा. तो आवडला नाही तर पुढच्या ६७ अंकांचा आग्रह धरू नये. दुसरा आक्षेप पालकांचा आहे: हिंसा, नग्नता, आत्महत्या यांची सूचना द्यायला नको का? द्यायलाच हवी. ‘कारी’ कुणाला देताना आत्महत्येचा उल्लेख न करणं ही बेजबाबदारी आहे. पण सूचना ही पुस्तकाची ओळख होऊ नये. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका शाळामंडळानं ‘माउस’ अभ्यासक्रमातून काढलं, कारण त्यात काही शिव्या आणि एक उघडं चित्र होतं. ज्यूंच्या संहारावरचं, १९९२ मध्ये पुलित्झर मिळालेलं पुस्तक मोजलं गेलं ते तेवढ्या शब्दांनी आणि एका चित्रानं. ‘यात भरपूर रक्त आहे, वाच’ असं सांगणारा चाहता नकळत त्याच मंडळाचं माप वापरतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर यादी देऊ नका. तो आधी काय वाचतो ते विचारा, एकच पुस्तक सांगा, कुठून सुरुवात करायची आणि कुठे ते कमी पडतं तेही सांगा. आणि डिचोली-पेडण्याच्या तालुका ग्रंथालयांत, पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात ‘भीमायन’, ‘आदिपर्व’, ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ मिळतात का याची चौकशी करा. नसतील तर लेखी मागणी द्या, आणि ती पुस्तकं मुलांच्या फळीवर ठेवू नका असंही त्याच कागदावर लिहा.